‘वजन सोडून द्या’ म्हणजे नेमकं काय सोडायचं? एका इलेक्ट्रॉनवरच्या तीन जोरांचा हिशोब

१० मे २०२४ च्या रात्री लडाखमधल्या हानले गावचं आकाश लाल झालं, तिथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यात ते आलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या चॅनलवर तेच फोटो. आमच्याकडे तेव्हा भर उन्हाळा, कूलरमध्ये पाणी टाकून टाकून जीव जाते आणि लाईट गेली की अख्खी गल्ली अंगणात बाजा टाकून झोपते. त्या दोन-तीन दिवसांत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो जुनाच मेसेज परत फिरून आला, आज रात्री साडेबारा ते साडेतीन कॉस्मिक किरण येणार, मोबाईल बंद करून अंगापासून लांब ठेवा. शेजारचे काकाजी बाजेवर उठून बसले, “काय गा मास्तर, सूर्यावरून काय पडून राह्यलं म्हणते?”

मी मास्तर म्हणजे शाळेतला नाही, बारावीच्या पाच-सहा पोट्ट्यांना घरी फिजिक्स शिकवतो इतकंच. योगायोग असा की त्याच आठवड्यात एका पोट्ट्यानं मला विचारलं होतं, सर गणितात लिहून आहे “गुरुत्व बल नगण्य माना”, पण का मानायचं? मला हाच प्रश्न माझ्या वेळी पडला होता आणि तेव्हा उत्तर मिळालं होतं, “वजन सोडून द्या, मार्क पाहिजेत ना?” कोणी दिलं ते जाऊ द्या. पण काकाजीचा प्रश्न आणि पोट्ट्याचा प्रश्न एकच आहे, म्हणून दोघांना एकत्रच समजावून सांगितलं, ते इथं लिहितो.

क्षेत्र म्हणजे सातबाऱ्यावरचं नाही

फिजिक्समध्ये ‘क्षेत्र’ हा शब्द येतो आणि आपल्याकडे क्षेत्र म्हटलं की डोळ्यासमोर सातबारा येते, हेक्टर-आर. इथं तसं नाही. वावरात वारा सुटला की प्रत्येक जागी त्याचा काही एक जोर असते आणि दिशा असते, तिथं पऱ्हाटी उभी असो की नसो, हो ना? झाड असलं तर ते हलते, नसलं तर आपल्याला दिसत नाही एवढंच. क्षेत्र हे असंच, वस्तू तिथं ठेवली तर तिच्यावर किती जोर बसेल आणि कोणीकडे, हे जागोजागी ठरलेलं असते.

आपण बसलो त्या अंगणात अशी तीन क्षेत्रं कायम हजर असतात, कोणी तयार केली नाहीत, निसर्गाचीच. एक गुरुत्वाचं, ते सगळ्यांना माहीत. दुसरं विजेचं, म्हणजे आभाळ निरभ्र असलं तरी जमिनीजवळच्या हवेत दर मीटरला साधारण १०० व्होल्टचा फरक असते, आणि त्याची दिशा वरून खाली. तिसरं पृथ्वीच्या चुंबकाचं, ज्याच्यामुळे होकायंत्राची सुई उत्तरेला वळते. टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं माप, आपल्या भागात ते ४० मायक्रोटेस्लाच्या थोडं वर भरते, म्हणजे ०.००००४ टेस्ला धरा.

आता कण. इलेक्ट्रॉनवर प्रभार असते, म्हणजे विजेचा माल त्याच्या अंगावर लादलेला आहे असं समजा, तो ऋण आहे. प्रोटॉनवर तेवढाच, पण धन.

तीन वसुलीवाले

हे तीन क्षेत्रं म्हणजे दारावर आलेले तीन वसुलीवाले समजा. गुरुत्ववाला फक्त वस्तुमान पाहते, जेवढं वजनदार तेवढं जास्त, प्रभाराशी त्याला काही देणंघेणं नाही. विद्युतवाला फक्त प्रभार पाहते, तुम्ही हत्ती असा की मुंगी. आणि चुंबकवाला हा टोलनाक्यासारखा आहे, गाडी घरी उभी असेल तर एक पैसा घेत नाही, चालली तरच घेते. (टोलनाका वेगावर पैसे नाही घेत, हा घेते, तेवढा फरक पोट्ट्यांनी लक्षात ठेवावा.)

हिशोब म्हणाल तर तीन गुणाकार आहेत. वजन म्हणजे वस्तुमान गुणिले ९.८. विजेचा जोर म्हणजे प्रभार गुणिले विद्युत क्षेत्र. चुंबकाचा जोर म्हणजे प्रभार गुणिले वेग गुणिले चुंबकीय क्षेत्र, तेही कण क्षेत्राला काटकोनात आडवा चालला तर, आणि क्षेत्राच्याच दिशेनं चालला तर शून्य. शेवटचे दोन मिळून जे होते त्याला पुस्तकात लॉरेन्ट्झ बल म्हणतात, नाव भारी आहे पण आत एवढंच आहे.

इलेक्ट्रॉनचे आकडे टाकले तर वजन येते ते पॉइंटनंतर २९ शून्यं आणि मग ८९ एवढे न्यूटन. विजेचा जोर येते पॉइंटनंतर १६ शून्यं आणि मग १६. हे असले आकडे पाहून कोणालाच काही समजत नाही, मलाही नाही, म्हणून रुपयात सांगतो. इलेक्ट्रॉनचं वजन १ रुपया धरलं तर निरभ्र आभाळातल्या साध्या विजेच्या क्षेत्राचा जोर होते १ लाख ८० हजार कोटी रुपये. आता तुम्हीच सांगा, एवढ्या मोठ्या बिलात तो एक रुपया धरायचा की सोडायचा? पुस्तकातलं “नगण्य माना” ते हे. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८०० पट जड आहे तरी त्याचं वजनसुद्धा या जोराच्या साधारण शंभर कोटीव्या भागाएवढंच.

चुंबकाचं काय? इलेक्ट्रॉन जागेवर उभा असेल तर शून्य. पण पळाला तर? दोन्ही जोर बरोबरीत यायला त्याला सेकंदाला २,५०० किलोमीटर पळावं लागते, म्हणजे नागपूर ते मुंबई सेकंदात तीनदा. ऐकायला खूप वाटते, पण प्रकाशाच्या वेगाच्या एक टक्कासुद्धा नाही हा, इलेक्ट्रॉनसाठी किरकोळ आहे.

दिशा नाही धरली तर अर्धं गणित गेलं

पोट्टे आकडा बरोबर काढतात आणि दिशेत मार खातात. वजन खाली, हे सोपं. विद्युत क्षेत्र खाली आहे पण इलेक्ट्रॉन ऋण, म्हणून त्याच्यावरचा जोर वर. म्हणजे मोकळ्या अंगणातला एकटा इलेक्ट्रॉन खाली पडणार नाही, वर ओढला जाईल. काकाजीला हे पटायला दहा मिनिटं लागली.

चुंबकाचा जोर मात्र विचित्र आहे, तो पुढेही ढकलत नाही की मागेही ओढत नाही, फक्त आडवा लोटते. त्याच्यासाठी दहावीतला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम. अंगणात उभे राहून करून पाहा, उत्तरेकडे तोंड करा, डाव्या हाताची तर्जनी समोर धरा, हे चुंबकीय क्षेत्र. मधलं बोट जमिनीकडे, म्हणजे वरून खाली येणारा धन कण. अंगठा आपोआप उजवीकडे जाते, म्हणजे पूर्वेला. तर आभाळातून सरळ खाली येणारा प्रोटॉन आपल्या गावावर पूर्वेकडे ढकलला जाईल आणि इलेक्ट्रॉन त्याच्या उलट, पश्चिमेकडे. (खरं म्हणजे आपल्याकडे चुंबकाच्या रेषा, म्हणजे क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या रेषा, उत्तरेला थोड्या जमिनीत घुसतात, पण जोराची दिशा त्यानं बदलत नाही.) हा नुसता हाताचा खेळ नाही. १९३३ च्या सुमाराला अंतराळातून येणारे किरण मोजले तेव्हा पश्चिमेकडून जास्त येताना दिसले, पूर्वेकडून कमी, आणि त्यावरूनच समजलं की ते बहुतेक धन प्रभाराचे आहेत.

आणि जोर सतत आडवाच राहिला की काय होते? जुन्या खळ्यात मधोमध मेढ असायची, तिला बांधलेला बैल कितीही चालला तरी गोलच फिरायचा, दोरी त्याला पुढे ढकलायची नाही, फक्त वळवायची. इथं मेढही नाही अन् दोरीही नाही, पण इलेक्ट्रॉन तसाच गोल फिरते. सेकंदाला २,५०० किलोमीटरवाला आपला इलेक्ट्रॉन, एकट्या चुंबकाचा जोर धरला तर, साधारण ३५ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ मारते. भिंतीला टेकून काकाजीची जुनी सायकल उभी होती, तिचं चाक दाखवलं, एवढंच बरोबर. आणि असे फेरे सेकंदाला ११ लाख. वेग वाढवला तर वर्तुळ मोठं होते पण फेऱ्याला लागणारा वेळ तेवढाच राहते, ही मला स्वतःला आजही गंमत वाटते.

१०० व्होल्ट? मग शॉक का नाही लागत?

हा प्रश्न येतेच. उंची साडेपाच फूट म्हटली तर डोक्यापासून पायापर्यंत १७० व्होल्ट झाले की! पण व्होल्टनं शॉक नाही लागत, अंगातून करंट वाहिला तर लागते. आपलं शरीर हवेच्या मानानं चांगलं वाहक आहे, त्यामुळे उभं राहिलं की डोकं अन् पाय एकाच व्होल्टवर येतात आणि क्षेत्राच्या रेषा आपल्याभोवती वाकतात. हवेतून येणारा करंट इतका बारीक की एका चौरस मीटरमध्ये अँपिअरच्या एक लाख कोटीव्या भागाचे दोन-तीन हिस्से. त्यानं मुंगीला गुदगुली होणार नाही.

आणि आपण स्वतः वर का नाही ओढले जात, हेही एकानं विचारलं. आपल्या अंगात इलेक्ट्रॉन अगणित आहेत पण प्रोटॉनही तेवढेच, एक वर ओढला जाते तर दुसरा खाली, हिशोब मिटला. राहते फक्त वजन, त्याच्यात उलटा हिशोब नसतेच.

हवेत हा इलेक्ट्रॉन पळेल तरी कुठं

इथं मला माझंच गणित खोडावं लागते. सायकलच्या चाकाएवढं वर्तुळ वगैरे सगळं खरं, पण मोकळ्या जागेत. अंगणातल्या हवेत आठवडी बाजारासारखी गर्दी आहे, इलेक्ट्रॉन सुटला की क्षणात कोणत्या तरी ऑक्सिजनला चिकटते आणि त्याचा जडसा आयन होते, आयन म्हणजे प्रभार लागलेला रेणू. हा आयन धक्के खात खात सेकंदाला एक-दोन सेंटिमीटर सरकते, मुंगीच्या चालीनं. आता चुंबकवाल्याचा टोल लावा, वेगच नाही तर टोल कुठला, विजेच्या जोरापेक्षा तो साधारण १६ कोटी पटीनं कमी येते. म्हणजे आता सोडायचं ते चुंबक!

अजून एक पाहा. मातीचा बारीक कण घ्या, एक मायक्रॉनचा, डोळ्यालाही न दिसणारा. त्याच्यावर एकच जादा इलेक्ट्रॉन असेल तर वजन जिंकते. त्याला हवेत अधांतरी धरायचं तर साधारण ८०० इलेक्ट्रॉन लागतील. फवारणीचा थेंब १०० मायक्रॉनचा धरला तर ३२ कोटी. तिथं वजन सोडून दिलं तर सगळं गणित बोंबललं. मिलिकन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९०९ मध्ये तेलाच्या थेंबावर हेच तर केलं, वजन आणि विजेचा जोर एकमेकांसमोर उभे केले आणि त्याच्यातून इलेक्ट्रॉनचा प्रभार मोजला. वजन सोडलं असतं तर त्याला काय मोजता आलं असतं?

तर त्या पोट्ट्याला मी सांगितलं, नगण्य हा कायमचा शिक्का नाही बाप्पा, ज्या कणाचं गणित आहे त्याचा प्रभार, वस्तुमान, वेग आणि जागा पाहून तीनही जोर एकदा काढायचे, शेजारी शेजारी लिहायचे, मग ज्याचा आकडा बाकीच्यांसमोर एक रुपयासारखा दिसेल तो खोडायचा. पेपरमध्ये ते आधीच खोडून देतात, तिथंच घोळ होते.

मग सूर्याचे कण आपल्या वावरात का नाही पडत

आता काकाजीचा प्रश्न. सूर्यावरून प्रभारित कण कायमच वाहत असतात, साधारण सेकंदाला ४०० किलोमीटरनं, त्याला सौरवारा म्हणतात. सूर्यावर मोठा स्फोट झाला की हा वारा वादळ होते, आणि मे २०२४ चं वादळ २००३ नंतरचं सगळ्यात मोठं होतं.

त्यातला एक प्रोटॉन घ्या आणि आपल्या जमिनीजवळच्या चुंबकीय क्षेत्रात सोडा. गुणाकार केला तर तो सुमारे १०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ मारते. म्हणजे पावणेआठ एकराचं वावर झालं, तेवढ्यात तो धुऱ्याधुऱ्यानं गोल फिरत राहील. आता ज्याला सरळ चालताच येत नाही, शंभर मीटरवर वळून जाते, तो हजारो किलोमीटरचं चुंबकीय क्षेत्र आडवं पार करून खाली कसा येईल? वर क्षेत्र कमी होत जाते, दहापट लांब गेलं की हजारपट कमी, तरी सूर्याच्या बाजूला साधारण ६० हजार किलोमीटरवरच बहुतेक वारा अडते आणि बाजूनं वळून जाते.

पण रेषेच्या दिशेनं चालला तर जोर शून्य, हे वर सांगितलं होतं ना, तीच पळवाट आहे. दोरीवर जसा दोडक्याचा वेल गोल गोल चढते तसे हे कण चुंबकाच्या रेषेभोवती फिरत फिरत रेषेच्या टोकाकडे जातात, आणि टोकं आहेत ध्रुवांजवळ. तिथं शे-दोनशे किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनला धडकले की हिरवा-लाल उजेड पडते. वादळ जबरदस्त असेल तर हा उजेड ध्रुवापासून खाली सरकते, हानलेहून त्याचा फक्त वरचा लाल भाग दिसला. विदर्भाच्या डोक्यावर रेषा बऱ्याचशा आडव्या आहेत, चुंबकीय विषुववृत्त तर तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळून जाते, त्यामुळे आपल्याकडे यायचं तर रेषा ओलांडूनच यावं लागते आणि ते त्यांना जमत नाही.

यातलं मोजमाप आपल्या महाराष्ट्रातच होते बरं का. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेनं १८५९ चं प्रचंड चुंबकीय वादळ टिपलं होतं. पुढे मुंबईत विजेवरची ट्राम येणार म्हटल्यावर तिच्या करंटनं सुया हलतील म्हणून चुंबक मोजायचं काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं, ते आजही तिथंच चालू आहे.

मोबाईल बंद ठेवावा का मग?

नाही. कॉस्मिक किरण म्हणजे सौरवाऱ्यापेक्षा कितीतरी जोमाचे कण, अंतराळातून येणारे, ते रोजच येतात. वरच्या हवेवर आदळून त्यांचे तुकडे होतात, त्यातले म्यूऑन नावाचे कण जमिनीपर्यंत पोचतात आणि तुमच्या उघड्या तळहातातून सेकंदाला साधारण एक, असे आरपार जातात. आत्ता हे वाचतानाही. साडेबारा ते साडेतीनचं त्यांना काही नाही, आणि मोबाईल चालू आहे की बंद हे त्यांना समजायचं कारण नाही.

चुंबकीय वादळाचं खरं नुकसान वेगळं असते. १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्युबेकमध्ये ६० लाख लोकांची लाईट नऊ तास गेली, कारण लांबच लांब तारांमध्ये नको तो करंट शिरला. आणि मे २०२४ मध्ये अमेरिकेत मक्याच्या ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर भरकटले. हे ऐकून काकाजी खूश झाले, आमच्या बैलाले जीपीएस लागत नाही म्हणे.

खरी भीती इजेची, म्हणजे पडणाऱ्या विजेची धरा

आपल्याकडे मिरगात आणि परतीच्या पावसात इज पडते, सोयाबीन सोंगायच्या दिवसांत तर माणसं वावरातच असतात. गणित तेच आहे, फक्त क्षेत्र बदलते. गरजणारा ढग डोक्यावर आला की जमिनीजवळचं क्षेत्र बहुतेक वेळा उलटं होते आणि १०० वरून दर मीटरला हजारो व्होल्टवर जाते. ढगाच्या आत तर त्याहून कितीतरी जास्त. तिथं इलेक्ट्रॉनला दोन धडकांच्या मधल्या एवढ्याशा जागेत इतका वेग येते की पुढच्या धडकेत तो दुसरा इलेक्ट्रॉन सोडवते, एकाचे दोन, दोनाचे चार, आणि मग हवेचाच तार होते. अंगावरचे केस उभे राहिले, म्हणजे तुमच्या केसांवर प्रभार बसला आहे, तिथं थांबून विचार करू नका, झाडाखालून निघा, पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप तुमच्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या आतला धोका दाखवते, मेसेज फॉरवर्ड करायच्या ऐवजी ते टाकून घ्या. त्या दिवशी मी काकाजीच्या पोराच्या मोबाईलवर टाकून दिलं.

इलेक्ट्रॉन पाहिला कोणी?

शेवटी काकाजींनी हे विचारलंच, हे सगळं कागदावरच ना? मी म्हटलं, काकाजी तुम्ही रोज संध्याकाळी पाहत होते. जुना डब्बा टीव्ही म्हणजे दुसरं काय, मागून इलेक्ट्रॉन सुटायचे, प्रकाशाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास वेगानं, आणि समोरच्या काचेवर आपटून चित्र उठायचं. तेवढ्या दोन फुटांत वजनानं ते काहीच खाली यायचे नाहीत, पण पृथ्वीचं चुंबक त्यांना काही मिलिमीटर नक्की सरकवायचं, रंग बिघडू नयेत म्हणून आत कॉइल असायची, रंगीत टीव्ही चालू करताना ‘धुम्’ असा आवाज यायचा तो तिचाच.

आमच्या घरी कलर टीव्ही आला तेव्हा मी सातवीत होतो. फुटक्या स्पीकरमधून काढलेलं चुंबक मी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात लावून पाहिलं, तर चित्र पिळून गेलं, बातम्या देणाऱ्या बाईचं तोंड हिरवं-जांभळं झालं, मला भयंकर मजा वाटली आणि मी ते बराच वेळ तिथंच फिरवत बसलो. चुंबक काढलं तरी डाग गेला नाही, काचेच्या आतली लोखंडी जाळी चुंबकली होती आणि ती कॉइल कितीदा ‘धुम्’ करूनही तिला पुरून उरली नाही. बाबांनी चांगलाच बदडला. पुढे भंगारवाल्यानं तो टीव्ही बंडीत टाकला तोवर उजव्या कोपऱ्यात येणारा प्रत्येक माणूस आमच्या घरी जांभळाच होता.